‘साहित्यासह’ हा शब्द ठेक्यातून काढा

प्रति,
कोल्हापूर शहर आणि परिसरातील हॉस्पिटल, लॉज, हॉटेल, मंगल कार्यालयं, मॉल, बँका, कॉलेजं आणि अपार्टमेंट यांच्या सफाईचा ठेका देणारे मालक, व्यवस्थापक आणि सोसायट्यांचे पदाधिकारी

सादर नमस्कार.

सफाईच्या ठेक्याच्या कागदावर आता बहुतेक ठिकाणी एकच ओळ असते: ‘मनुष्यबळ साहित्यासह, दरमहा एकरकमी’. माणसांचा पगार, फिनेल, ॲसिड, मॉप, झाडू, हातमोजे, गमबूट हे सगळं एका आकड्यात कोंबलेलं असतं आणि ज्याचा आकडा सगळ्यात कमी, त्याला काम मिळतं. पगार किमान वेतनाच्या खाली कागदावर दाखवता येत नाही. पीएफ आणि ईएसआयचे (सरकारी कामगार विम्याचे) टक्के ठरलेले असतात. फरशी चकचकीत दिसली नाही तर दुसऱ्या दिवशी तुमचा फोन येतो, त्यामुळे फिनेलही कमी करता येत नाही. मग ठेकेदाराला हात आखडायला जागा उरते ती हातमोजे, बूट, चष्मा, लस आणि शिकवण्याचे दोन तास यांच्यात. यातलं काही नसलं तरी फरशी तेवढीच चमकते आणि तुमच्या नजरेला काही कमी दिसत नाही.

आम्ही शाहूपुरीतल्या लॉजपासून शिरोलीच्या कारखान्यांच्या ऑफिसांपर्यंत हे काम करणारे आणि करवून घेणारे लोक आहोत. कुणा एकाचं गाऱ्हाणं इथं मांडायचं नाही. रोज काय चुकतं, का चुकतं आणि किती थोडक्यात टळू शकतं, एवढंच तपशिलानं लिहितो आहोत. ठेक्यावर सही तुमची असते, म्हणून पत्र तुम्हाला.

सुरुवात बाटलीपासून करतो, कारण सगळ्यात जास्त इजा तिथूनच होते.

स्टोअरला माल येतो तो ५ लिटरच्या कॅनमध्ये. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक ब्लीच, फरशीचं ॲसिड, फिनेल, कधी साबणाचं पाणी. ५ लिटरचा कॅन घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत जिने चढणं होत नाही, म्हणून गिऱ्हाइकानं टाकून दिलेली १ लिटरची पाण्याची बाटली धुऊन तिच्यात माल ओतला जातो. झाकणाला खिळ्यानं भोक पाडलं की शिंपडायची बाटली तयार. आता एका बादलीत अशा तीन बाटल्या उभ्या आहेत असं समजा. हायपो फिकट पिवळसर, फरशीचं ॲसिडही फिकट पिवळसर. दोन्ही पाण्यासारखी पातळ, दोन्हीला नाकात जाणारा वास. कुठल्या बाटलीत काय आहे ते फक्त भरणाऱ्याला माहीत, आणि भरणारा सकाळच्या शिफ्टचा असतो. दुपारी वापरणारी बाई वेगळी असते.

आता लॉजचं बाथरूम डोळ्यांसमोर आणा. चार बाय पाच फूट, एक्झॉस्ट बंद, खिडकीच्या जागी दोन काचपट्ट्या. पाणी खोलीत जाऊ नये म्हणून दार लोटलेलं. टाइल्सवर खाऱ्या पाण्याचा पिवळा थर आहे. ॲसिड टाकलं, घासलं, डाग निघाला नाही. तेवढ्यात खालून हाक येते, पुढचं गिऱ्हाईक काउंटरवर उभं आहे. अंबाबाईच्या नवरात्रात किंवा शनिवार-रविवारी एक खोली रिकामी होऊन दुसऱ्याला द्यायला कधी कधी वीस मिनिटंही मिळत नाहीत. मग पांढरं व्हावं म्हणून त्याच जागी हायपो ओतलं जातं. ॲसिड आणि हायपो एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली फरशीलगत साचतो, आणि घासणारी बाई उकिडवी बसलेली असते. म्हणजे तिचं नाक नेमकं त्याच थरात असतं. डोळे चुरचुरतात, घसा आवळतो, खोकल्याची उबळ येते. जास्त गेला तर काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. म्हणून अशा वेळी ‘दूध पी, गूळ खा, घरी जा’ हा सल्ला घातक आहे. आधी मोकळ्या हवेत न्यायचं, डोळ्यांत गेलं असेल तर वाहत्या पाण्यानं निदान १५ मिनिटं धुवायचं, आणि दम लागत असेल किंवा छाती भरल्यासारखी वाटत असेल तर सरळ दवाखान्यात दाखवायचं. तिथं बाटली किंवा तिच्यावरच्या लेबलचा फोटो सोबत न्यायचा. लेबलच नसेल तर डॉक्टरनं तरी कशावर उपचार करायचे?

मुतारीतही असंच होतं. सुकलेल्या लघवीवर सरळ हायपो ओतलं की त्यातल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइन तयार होतं आणि डोळ्यांतून पाणी येतं. आधी भरपूर पाण्यानं धुऊन घ्यायचं आणि मगच हायपो टाकायचं, एवढीच काळजी पुरते. ती कुणी शिकवत नाही.

मास्क दिला की झालं, असं बऱ्याच व्यवस्थापनांना वाटतं. कापडी मास्क, हॉस्पिटलचा निळा मास्क किंवा एन-९५ यांपैकी एकही क्लोरीन अडवत नाही. एन-९५ धूळ आणि कण अडवतो. वायू अडवायला वेगळ्या कार्ट्रिजचा मास्क लागतो आणि तो रोजच्या बाथरूम-सफाईला परवडणाराही नाही, गरजेचाही नाही. वायू तयारच होऊ द्यायचा नाही, हा इथला इलाज. त्यासाठी लेबल लावलेल्या, रंगानं ओळखता येणाऱ्या स्प्रे बाटल्या लागतात आणि ॲसिड व हायपो एकाच बादलीत कधीही न ठेवण्याचा नियम लागतो. मोठ्या हॉटेलांत आर-वन ते आर-नाइन अशा नंबरांची केमिकल वापरतात. तिथं आर-सिक्स संडासाचं, आर-थ्री काचेचं हे नव्या मुलालाही चार दिवसांत पाठ होतं. नंबर आणि रंग यांचा एवढा उपयोग आहे. छोट्या लॉजलाही हे करायला जड नाही. ॲसिडच्या बाटलीला लाल चिकटपट्टी, हायपोला निळी, साबणाला हिरवी, आणि प्रत्येकीवर मराठीत मोठ्या अक्षरात नाव. वाचता न येणाऱ्या बाईला रंग पुरतो.

हायपोचं मापही कुणी सांगत नाही. बाजारात ते ५ टक्क्यांचं मिळतं, १० टक्क्यांचंही मिळतं. ५ टक्क्यांचं असेल तर रोजच्या पुसण्यासाठी १ लिटर पाण्याला २० मिली पुरे, त्यानं ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. रक्त सांडलं असेल तर १ टक्क्याचं लागतं: १ भाग हायपो, ४ भाग पाणी, आणि १० मिनिटं तसंच ठेवायचं. १० टक्क्यांचं असेल तर १ भागाला ९ भाग पाणी. पाणी थंडच हवं. गरम पाण्यानं वास वाढतो आणि हायपोचा जोर कमी होतो. उन्हात, गच्चीच्या जिन्यात ठेवलेला कॅन महिन्याभरात कमजोर पडतो. मग डाग निघत नाही म्हणून बाई दुप्पट ओतते, आणि नवा कॅन आला की सवयीनं तेवढंच ओतते. पातळ केलेलं हायपो त्याच दिवशी संपवायचं, उरलं तर उद्यासाठी ठेवायचं नाही. दहा-वीस रुपयांचं मापाचं प्लास्टिकचं भांडं प्रत्येक स्टोअरला द्या. आज तिथं ‘बुचभर’ आणि ‘अंदाजानं’ चालतं.

फरशीच्या ॲसिडबद्दल तर आमचं मत ठाम आहे: ते रोजच्या सफाईत असूच नये. हे तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड बांधकामानंतर सिमेंटचे डाग काढायला वापरतात. आपल्याकडे जुन्या इमारतींत शहाबादी, कोटा, कुठं मार्बल आहे. हे चुन्याचे दगड. त्यांच्यावर ॲसिड पडलं की फेस येतो आणि घाण निघाली असं वाटतं. तो फेस घाणीचा नसतो, दगड विरघळत असतो. पृष्ठभाग खरखरीत होतो, त्यात पुढच्या वेळी जास्त मळ धरतो, म्हणून पुढच्या वेळी जास्त ॲसिड. दोन वर्षांत फरशीची वाट लागते आणि तेवढ्याच काळात बाईच्या बोटांचीही. अशा फरशीला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. संडासाच्या भांड्यासाठी कंपनीचं घट्ट टॉयलेट क्लीनर घ्या. त्यातही आम्ल असतं, पण १० टक्क्यांच्या आसपास, आणि ते घट्ट असल्यानं उडत नाही, कडेला चिकटून राहतं. कुठं पातळ करायची वेळ आलीच तर आधी पाणी आणि त्यात हळूहळू ॲसिड. उलटं केलं तर ते उसळून तोंडावर येतं. आणि सुटं ॲसिड आणण्यासाठी सफाईच्या पोराला दुकानात पाठवू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सुट्या ॲसिडच्या विक्रीवर बंधनं घातली आहेत. विकत घेणाऱ्याची नोंद आणि ओळखपत्र लागतं, १८ वर्षांखालच्याला विकता येत नाही.

गंजाचे डाग काढणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते कातडीला लागलं तर सुरुवातीला दुखतही नाही, पण आत हाडापर्यंत जातं. मालाबरोबर सुरक्षेची माहितीपत्रिका मागा. पुरवठादार देत नसेल तर तो माल घेऊ नका.

आता हातमोजे. ठेकेदार देतो ते दोन प्रकारचे असतात: सुती, जे ओले होऊन ॲसिड कातडीला धरून ठेवतात, किंवा तपासणीचे पातळ, जे दुसऱ्या बाथरूमला फाटतात. फाटका मोजा उघड्या हातापेक्षा वाईट, कारण आत गेलेलं द्रावण बाहेर पडत नाही आणि दिवसभर बोटं त्यात भिजत राहतात. लागतात ते कोपराच्या निम्म्यापर्यंत येणारे जाड रबरी किंवा नायट्राइलचे. एका माणसाला दोन जोड, दोन रंगांचे: एक संडासासाठी, दुसरा बाकी सगळ्यासाठी. दाराचा कडी-कोयंडा आणि पाण्याचा जग संडासाच्या मोज्यानं धरला जाऊ नये म्हणून दोन रंग. सकाळी घालण्याआधी मोज्यात हवा फुंकून मनगटाशी पीळ द्यायचा आणि दाबून बघायचं. हवा सुटली तर मोजा बाद. वरच्या टाइल्स घासताना काठ बाहेर दुमडायचा, म्हणजे ओघळ कोपराकडून अंगावर येत नाही. काढताना आधी मोज्यासकट हात धुवायचे, मग काढायचे. बोटांच्या मध्ये पांढरं पडणं, भेगा, नखांच्या कडेला सूज हे सगळं ‘कामाचं असतंच’ म्हणून सोडून दिलं जातं. ते ओल्या हातांनी, हायपोनं आणि फाटक्या मोज्यांनी होतं. चांगली जोडी एका मिसळीच्या किमतीच्या फार पुढं जात नाही आणि जपून वापरली तर महिना टिकते.

हॉस्पिटलवाल्यांना वेगळं सांगायचं आहे. तुमच्याकडे वॉर्डात सगळे तिला मावशी म्हणतात, डॉक्टरपासून पेशंटच्या नातेवाइकांपर्यंत. हेपेटायटिस-बीची लस मात्र नर्सला मिळते आणि मावशी राहून जाते, कारण ती ‘ठेकेदाराची’. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ सालापासून लागू आहेत आणि त्यात हा भेद नाही. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपेटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस, कामावर घेताना आणि नंतर वर्षातून निदान एकदा तपासणी, तसंच प्रशिक्षण आणि संरक्षक साधनं, ही जबाबदारी त्या नियमांनी हॉस्पिटलवर टाकली आहे. लसीचे तीन डोस असतात: पहिला, एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. मध्येच ठेका बदलला आणि माणसं बदलली की तिसरा डोस राहतो. तो हिशेब तुमच्या रजिस्टरला ठेवा, ठेकेदाराच्या वहीवर सोडू नका.

सुई टोचते कुठे? बहुतेक वेळा पिवळ्या किंवा लाल पिशवीत, जिथं ती असायलाच नको. सुया-ब्लेडसाठी पांढरा, न भोसकला जाणारा डबा ठरलेला आहे. तो बेडपासून लांब असतो किंवा काठोकाठ भरलेला असतो, म्हणून सुई पिशवीत जाते. मावशी पिशवी दाबून गाठ मारते किंवा मांडीला टेकवून उचलते, आणि टोचते. म्हणून डबा तीन चतुर्थांश भरला की बदला, पिशवी वरून गाठीपाशी धरून अंगापासून लांब न्यायला शिकवा, आणि पोछा हातानं पिळणं बंद करा, कारण फरशीवर पडलेली सुई पोछ्यात येते. टोचलीच तर जागा साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायची. पिळायची नाही, तोंडात बोट घालायचं नाही, त्यावर हायपो ओतायचं नाही. लगेच कळवायचं. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हाव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. रात्रपाळीच्या मावशीनं कुणाला उठवायचं, हे भिंतीवर लिहिलेलं नसतं. शिवाय ‘तुझ्याच चुकीनं टोचली’ ही भीती असते, म्हणून ती सकाळपर्यंत गप्प राहते. कळवणारीला बोल लावणार नाही, असं तुम्ही स्वतः वॉर्डात उभं राहून सांगा. सुपरवायझरनं सांगून ते पटत नाही.

कंबर आणि खांदे यांच्याबद्दल कुणी तक्रारसुद्धा करत नाही, इतकं ते गृहीत धरलेलं आहे. १५ लिटर पाणी भरलेली बादली म्हणजे १५ किलो, वर बादलीचं वजन. ती मोरीतून उचलून कठड्यावरून बाहेर काढताना पाठ वाकते आणि वळते, आणि ते दोन्ही एकदम झालं की कंबर धरते. नळाला तीन फुटांचा पाइप लावला तर बादली जमिनीवरच भरते, उचलावी लागत नाही. मॉपचा दांडा उभा धरला तर हनुवटीपर्यंत यायला हवा. बाजारातला स्वस्त दांडा छातीच्याही खाली राहतो, म्हणून दिवसभर वाकून पुसावं लागतं. मागं मागं सरकत, इंग्रजी आठच्या आकारात पुसलं की पुसलेल्या ओल्या जागेवर स्वतःचा पाय पडत नाही. पिळायच्या यंत्राची चाकांची ट्रॉली असेल तर मनगटं वाचतात. दोन बादल्या हव्यात, एकीत स्वच्छ द्रावण आणि दुसरीत मळकं पाणी. एकाच बादलीत पुसत राहिलं तर मळच सगळीकडे फिरतो आणि तीच जागा दोनदा पुसावी लागते. कॉरिडॉर निम्मा निम्मा पुसा, पाटी लावा. सफाईच्या बायका घसरून पडतात त्या हवाई चपलांमुळे. साबणाच्या पाण्यावर त्या चपला तेल लावल्यासारख्या सरकतात. पकड असलेल्या तळव्याचे बूट द्या, मापानं द्या. सात नंबरच्या पायाला नऊ नंबरचे गमबूट दिले तर ती बाई ते काढूनच ठेवणार.

फरशी घासायच्या यंत्राचं एकच सांगतो. प्लगची पिन तुटली की तो बदलत नाहीत. वायरीची दोन टोकं सोलून सॉकेटात खुपसतात आणि वर काडेपेटीची काडी ठोकतात. अर्थिंगची तिसरी वायर तशीच लोंबकळत राहते. खाली ओली फरशी, हातात लोखंडी दांडा. यंत्राला तीन पिनांचा प्लग आणि त्या सर्किटला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर ते यंत्र वापरूच देऊ नका. पॅड बदलताना प्लग काढलेला असावा, आणि वायर खांद्यावरून मागं सोडलेली असावी, म्हणजे ती ब्रशखाली येत नाही.

काचा पुसायला शिडी लावतात तेव्हा दर चार फूट उंचीला तिचा पाय भिंतीपासून एक फूट बाहेर हवा, खाली धरणारा माणूस हवा, आणि वरच्या तीन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. बाहेरून दोरावर उतरणाऱ्याला कमरेचा पट्टा चालत नाही, आयएस ३५२१ प्रमाणे पूर्ण शरीराचा हार्नेस लागतो आणि दोन वेगळ्या जागी बांधलेले दोन दोर लागतात. गच्चीवरच्या पाण्याच्या पाइपला दोर बांधलेला दिसला तर काम थांबवा. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

सेप्टिक टँक, ड्रेनेजचा चेंबर, हॉटेलच्या किचनची तेलकट टाकी यांत माणूस उतरवणं बंद करा. वासावर विश्वास ठेवू नका. हायड्रोजन सल्फाइड सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. मेणबत्ती सोडून बघणं तर आणखी धोक्याचं, कारण तिथं मिथेन असतो. एक पडला की त्याला काढायला दुसरा उडी मारतो आणि तोही जातो. हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयानं २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. हे अपार्टमेंटच्या चेअरमन-सेक्रेटरींनाही लागू आहे. सक्शनची गाडी बोलवा. पिण्याच्या पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीतही ब्लीचिंग पावडर टाकून लगेच माणूस आत पाठवू नका, आणि आत पेट्रोलचा पंप चालवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्या टाकीतून बाहेर पडत नाही.

पावसाळ्याचं एक खास कोल्हापूरचं. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडते आणि ४३ ला धोक्याची. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते शाहूपुरीला, व्हीनस कॉर्नरला वेगळं सांगायला नको. पाणी ओसरलं की तळघरातला चिखल काढायला पहिला फोन सफाईच्या ठेकेदाराला जातो. त्या चिखलात उंदरांचं मूत्र असतं, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा जंतूंचा आजार होतो, आणि पायाला भेग किंवा खरचटलेलं असेल तर तो सहज आत शिरतो. मेन स्विच बंद असल्याची खात्री, गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि लेप्टोच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांचा सल्ला, हे कामाच्या आधी. पुढच्या महिन्याभरात ताप, पिंढऱ्यांत दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरला ‘पुराच्या चिखलात काम केलं’ हे आवर्जून सांगायला हवं.

एक गोष्ट लिहिताना हात जड होतो. काही ठिकाणी सफाईच्या बायकांना गिऱ्हाइकांचं संडास वापरायला मनाई आहे. जे संडास त्या पाळीत आठ वेळा धुतात, त्यातच त्यांना जाता येत नाही. म्हणून त्या पाणी कमी पितात, मे महिन्यातसुद्धा, आणि मूत्रमार्गाच्या जळजळीनं बेजार होतात. डबा जिन्याखाली, केमिकलच्या कॅनशेजारी बसून खातात. पिण्याची बाटली आणि ॲसिडची बाटली तिथं एकमेकींना टेकून असतात. बाटली बदलून चुकून पिण्याचे प्रकार इथंच होतात. प्यायलंच तर उलटी काढायची नाही, कारण ॲसिड वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतं. तोंड धुवायचं आणि तडक दवाखाना.

मागण्या अशा आहेत.

१. पुढच्या ठेक्यात ‘साहित्यासह’ हा शब्द काढा. संरक्षक साहित्याची ओळ वेगळी करा, नगासकट: दर माणशी रबरी मोज्यांचे दोन रंगांचे दोन जोड दरमहा, मापाचे बूट, डोळ्यांचा चष्मा, रबरी ॲप्रन. या ओळीवर दर कमी करण्याची बोली नको. शक्य असेल तर माल तुम्हीच घ्या आणि रजिस्टरवर सही घेऊन द्या.

२. सुटं फरशीचं ॲसिड इमारतीत आणणं बंद. बाकी केमिकल लेबल आणि रंग लावलेल्या बाटल्यांतच. पाण्याच्या बाटलीत केमिकल दिसलं तर त्याची जबाबदारी व्यवस्थापनाची धरली जावी, भरणाऱ्या बाईची नव्हे.

३. प्रत्येक माणसाला कामावर घेताना दोन तासांचं प्रशिक्षण, मराठीत, स्टोअरमध्ये उभं राहून, पगारी वेळेत.

४. हॉस्पिटलांनी मावशी-मामांच्या लसीची आणि तपासणीची नोंद आपल्याकडे ठेवावी. सुई टोचल्यावर रात्री कुणाला फोन करायचा ते नाव आणि नंबर प्रत्येक वॉर्डात लावावा.

५. ईएसआय. २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालकाकडून ३.२५ टक्के जातात. पण अनेकींच्या हातात ई-पहचान कार्ड नसतं, म्हणून इजा झाली की खिशातून खर्च होतो आणि पगारही बुडतो. कामावर झालेल्या इजेसाठी घरी बसावं लागलं तर ईएसआयमधून पगाराच्या ९० टक्के मिळतात, त्यासाठी अपघाताची नोंद मात्र व्हायला हवी. दर महिन्याचं बिल देण्याआधी ठेकेदाराकडून भरणा केल्याचं चलन आणि नावानिशी यादी मागा. कार्ड दाखवल्याशिवाय बिल काढू नका.

६. कपडे बदलायला, डबा खायला केमिकलपासून वेगळी जागा, आणि त्याच इमारतीतलं संडास वापरायची मोकळीक. याला एक रुपयाही लागत नाही, म्हणून ही मागणी उद्यापासून.

ठेके साधारण एप्रिलला बदलतात. तोवर थांबायचं कारण नाही, दुसरी आणि सहावी मागणी चालू ठेक्यातही पुरी होते. तुमच्याकडे शिकवायला कुणी नसेल तर आमच्यातले लोक सुट्टीच्या दिवशी येऊन दाखवतील, पैसे नकोत.

आणि हे पत्र वाचून आजच स्टोअर उघडणार असाल तर एक सूचना. पाण्याच्या बाटल्यांत भरलेलं जे सापडेल ते एकाच मोरीत ओतून टाकू नका. मोरीतही ॲसिड आणि हायपो भेटतात आणि वायू वर येतो. बाटल्या न उघडता, उभ्या, एकमेकींपासून लांब, गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत सावलीला ठेवा. भरणाऱ्या माणसाला न रागावता विचारा, कोणती कशाची आहे. जी सांगता येणार नाही तिला ‘अज्ञात, हात लावू नका’ अशी चिठ्ठी चिकटवा आणि माल देणाऱ्या दुकानदाराला बोलवा.

आपले,
कोल्हापुरात सफाईचं काम करणारे आणि करवून घेणारे